डोळे मिटल्याचा आळ

हे मी आजवर बायकोलाही बोललो नाही. ज्याच्या पाटावर बसून अर्धं आयुष्य चहा प्यालो, त्या शेजारच्या घड्याळवाल्यालाही नाही. मग तुम्हालाच का? एक तर तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं – परवा सुनेनं माझा फोटो काढला आणि सहज म्हणाली, “बाबा, तुमचे डोळे मिटले.” एवढंसं वाक्य. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता मी सांगलीत, विश्रामबागेत मुलाकडे असतो. सत्तरच्या दशकात मात्र साताऱ्यात माझा स्टुडिओ होता. वरून डोकं घालून बघायचा दोन भिंगांचा कॅमेरा, खांद्याला अडकवायची वीटभर वजनाची फ्लॅशची बॅटरी, आणि एका लग्नाला बारा-बारा फोटोंचे तीन रोळ. छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचं, ही कला होती. बसवता कसं येणार? वरमाय आहे, रुसलेला मामा आहे, पलटणीतून सुट्टीवर आलेला आणि सारखा मध्ये येणारा मेव्हणा आहे. त्यांच्यासाठी एक युक्ती होती – रिकामा फ्लॅश. कॅमेऱ्याची कळ दाबायचीच नाही, नुसता लखकन उजेड पाडायचा. मामा खूश, रोळ शाबूत. नंतर अल्बममध्ये स्वतःला शोधून मामा थकायचा, आणि मी म्हणायचो, काय करणार, नेमका तुमचाच फोटो धुताना वीज गेली. मी एकटा नव्हतो हो, सगळेच करायचे – पण हे मी कशाला सांगतोय? सगळे करत होते म्हणून माझं पाप काही कमी होत नाही.

आणि मी स्वतःला कलावंत समजायचो, हेही सांगितलं पाहिजे. सांगलीतल्या एका उस्तादाकडे मी करामतीचे फोटो शिकलो होतो. नवऱ्याच्या तळहातावर नवरी उभी करायची. शंखातून दोघांचे चेहरे काढायचे. गणपतीतले देखावे बघून मला कल्पना सुचायच्या, आणि कॅलेंडरवरचे देव बघून पार्श्वभूमी. नवरीच्या मागे ढग हवेत, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. कोणत्याही नवरीच्या.

तर कोयनानगरचं लग्न. धरणाच्या वसाहतीत पहारेकरी असलेल्या तात्यांच्या मुलीचं. तात्या म्हणजे काटकुळा, मिशाळ माणूस, गालावर हरभऱ्याएवढा तीळ. घाटातल्या वळणांनी माझी आतडी गळ्याशी आली होती, तर त्यांनी आधी मला लिंबू चोखायला दिलं आणि मग विहीणबाईंना रामराम केला. असा माणूस. कोयनेचं लग्न मला आवडायचं, कारण तिथे अधूनमधून जमीन हलते. फोटो हलला की दोष भूगर्भाचा.

दुपारी अक्षता पडल्या. पाठवणी तेवढी राहिली होती आणि रोळात चार फोटो उरले होते. तेवढ्यात डोंगरामागून असे ढग वर आले की विचारू नका. मी कॅमेरा आभाळाकडे केला आणि तीन फोटो ढगांचे काढले. करामतीसाठी लागणार होते ना! उरला एक. तो पाठवणीचा.

आणि तेव्हा तात्या आले, काकींना घेऊन. दोघं आहेराच्या कपड्यांत – त्यांना व्याह्यांनी बांधलेला गुलाबी फेटा, काकींना नवं लुगडं. लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली, पण जोडीचा फोटो कधी नाही. काकी चारचौघांत नवऱ्याशेजारी उभ्याच राहायला तयार नव्हत्या. तात्यांनी बरीच मनधरणी केली, तेव्हा कुठे वीतभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या. मी रिकामा फ्लॅश मारला.

काकी दचकल्या. तात्या हसून म्हणाले, “आवं फोटोवालं, हिनं डोळं मिटलं. आनि एक घ्या. आन तू डोळं उघडं ठेव की.”

मी आणखी एक घेतला. तोही रिकामाच.

इथे थांबून सांगता आलं असतं, नाही का? तात्या, रोळ संपत आलाय, एकच उरलाय, कुणाचा काढू? ते म्हणाले असते, पोरीचा काढा. त्यांना वाईटही वाटलं नसतं. पण कलावंताचा रोळ कसा संपेल? मी मान हलवली आणि म्हणालो, झकास.

अल्बम दिला तेव्हा जोडीचा फोटो नव्हता. मी म्हणालो, तो मोठा करून देणार आहे. मग तात्या कचेरीच्या कामाला साताऱ्यात आले की स्टुडिओत डोकवायचे. रागवायचे नाहीत. “लय मोठा करताय वाटतं,” म्हणायचे आणि पाणी पिऊन एस.टी. गाठायचे. असं पाच-सहा वेळा झालं. सातव्यांदा काकी आल्या, त्यांच्या भावाबरोबर. कपाळ मोकळं होतं.

तात्या झोपेतच गेले होते. तीन दिवसांवर तेरावं होतं आणि पाटावर ठेवायला फोटो नव्हता. काकी म्हणाल्या, आमचा दोघांचा तुमच्याकडे आहे, तोच द्या. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, उद्या दुपारी या.

मग सगळ्या निगेटिव्ह उजेडाला धरून बघितल्या. अख्ख्या लग्नात तात्या एकाच फोटोत सापडले – मंगलाष्टकांच्या वेळी, अंतरपाटाच्या कडेला. अर्धा चेहरा उघडा, अर्धा कापडाआड. ढगांचे तीन फोटो मात्र एकदम स्वच्छ आले होते.

अर्ध्या माणसाचा पूर्ण माणूस कसा करायचा? मी अर्धा चेहरा छापला. निगेटिव्ह उलटी घालून तोच अर्धा पुन्हा छापला, दोन्ही तुकडे जोडले, ब्रशनं सांधा बुजवला. तात्या तयार झाले. फक्त फेट्याला दोन तुरे आले आणि दोन्ही गालांवर तीळ. जोडलेल्या चेहऱ्याचा पुन्हा फोटो घेतला आणि त्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून एक तुरा आणि एक तीळ मिटवला. आता निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं हे पोरालाही ठाऊक असतं, पण ज्या बाजूनं पेन्सिल चालते तिकडून उजव्याचं डावंही दिसतं. हे मला ठाऊक नव्हतं? तोच तर माझा धंदा. पण घाईत मी खरा तीळ पुसला आणि खोटा ठेवला. फोटो सुकायला टांगला तेव्हा लक्षात आलं, आणि काकी तर दारात उभ्या. मागे ढग घातले होते, हे सांगायचं राहिलं.

काकींनी फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, ह्यांचा तीळ ह्या गालावर नव्हता. मी म्हणालो, काकी, फोटोत उलटं येतं. त्यांनी मान डोलावली. पुढे वसाहतीत कुणी तिळाचं काढलं की त्या समोरच्याला सुनवायच्या म्हणे – फोटोत उलटं येतं, तुमाला काय कळतंय त्यातलं. माझी बाजू घेऊन भांडायच्या.

हे इथवरचं मी कधीतरी घड्याळवाल्याला सांगू शकलो असतो. तो हसला असता, मीही हसलो असतो. पुढचं हसण्यासारखं नाही.

फोटो पिशवीत घालताना काकींनी विचारलं, “आन मी? आमचा जोडीचा हुता न्हवं?”

काय उत्तर होतं? एक खरं होतं आणि एक सोपं होतं. मी म्हणालो, “दोन्ही वेळेला तुम्ही डोळे मिटलेत, काकी. म्हणून तुम्हाला कापावं लागलं.”

काकींनी पिशवीचं तोंड बांधलं. भाऊ दाराशी गेला तेव्हा हळूच, जणू मलाच समजावत असल्यासारख्या म्हणाल्या, “त्यांनी सांगितलं हुतं डोळं उघडं ठेव म्हनून. माजंच चुकलं.”

मी त्यांना चुकू दिलं.

नातवाच्या बारशाला त्यांनी मलाच बोलावलं. काकी मांडीवर बाळ घेऊन बसल्या, आणि मी फ्लॅश वर केल्याबरोबर त्यांनी डोळे ताणून उघडले. इतके, की बाळ त्यांच्याकडे बघून रडायला लागलं. घरातली माणसं हसली. मीही हसलो – तेवढं तर मला येत होतं. मग त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न, मग आणखी एक बारसं. प्रत्येक फोटोत काकी तशाच, भूत बघितल्यासारख्या. घरात त्याची थट्टा व्हायची. नातवंडं त्यांची नक्कल करायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण त्या पापणी लवू द्यायच्या नाहीत. प्रत्येक वेळी फ्लॅश विझला की मलाच विचारायच्या, “मिटलं न्हाईत न्हवं?”

मी म्हणायचो, नाही. ते तेवढं खरं असायचं. आणि त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक फोटोला माझ्या कॅमेऱ्यात रोळ असायचा.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांचा फोटो मोठा करायला माझ्याकडेच पाठवला. बारशातलाच होता. सोबत चिठ्ठी – आईचे डोळे जरा लहान करून द्या, ती अशी दिसत नव्हती.

दिसत नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि डोळे लहान करून दिले.