एक पाय फुल, एक पाय हाफ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही रेखाताईला ओळखत नाही, म्हणून.

मी परभणीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. उल्हासनगरला आले तेव्हा रेखाताईनेच विठ्ठलवाडीच्या तिच्या खोलीत मला ठेवून घेतलं. जीन्सच्या कारखान्यात कामाला लावलं, धागे कसे कापायचे ते दाखवलं. रविवारी दुपारी इंग्रजीच्या क्लासला जायचं, हेही तिच्याच डोक्यातलं. मी तर मॅडमच्या दारातच घाबरले होते.

मॅडम सांगायच्या, 'अँड'ने जोडलेले शब्द एका मापाचे हवेत. नाहीतर पँटचा एक पाय फुल आणि एक हाफ. रेखाताई म्हणाली, "मॅडम, असला माल आमच्याकडे रोज निघतो." केवढे हसलो होतो आम्ही.

मग कारखान्याच्या ऑफिसात एक जागा निघाली. एकच. बसून मालाच्या चिठ्ठ्या लिहायच्या. उभं राहून राहून रेखाताईची कंबर गेलेली — ती जागा तिला किती हवी होती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? अर्ज इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहायचा होता. दोघींनी लिहिला. तिने आपला कागद माझ्यापुढे धरला. "बघ गं सुमे, काही चुकलंय का?"

आय कॅन कट, स्टिच अँड पॅकिंग.

पॅक हवं होतं. कट, स्टिचसारखं नुसतं पॅक. मला दिसलं नाही का? — दिसलं. लगेच दिसलं. ते 'इंग' खोडायला कितीसा वेळ लागला असता?

"एकदम बरोबर आहे, ताई," मी म्हटलं.

साहेबांनी तो अर्ज सगळ्यांसमोर वाचला. 'पॅकिंग'पाशी थांबले, हसले. दोघं-तिघं आणखी हसले. जागा मला मिळाली. कदाचित तशीही मला — नको, ते राहू दे.

पेढे तिनेच वाटले. त्यानंतर क्लासला मात्र आली नाही. "माझ्या डोक्यात नाही शिरत गं ते," म्हणाली. आपण ढ आहोत असं तिला वाटतं. अजूनही वाटतं.

आता मी बदलापूरला, कात्रपला राहते. ती अजून उभ्याने धागे कापते. मी रोज भरते त्या चिठ्ठीवर वरतीच छापलेलं असतं — कटिंग, स्टिचिंग अँड पॅकिंग. तिथे तिचा शब्द बरोबर असतो. रोज तिथेच पेन अडतं.

मॅडमच्या नियमाने मीही एक वाक्य केलंय. मी पाहिलं, ओळखलं आणि लपवलं.

तिन्ही शब्द एका मापाचे आहेत.