फक्की संपली त्या सकाळी

मला आवाज काढता येतात. सटाण्याला शाळेत होतो तेव्हा कांदा मार्केटात लिलाव पुकारणारा, एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर आणि शेजारची म्हैस, सगळे माझ्या घशात मुक्कामाला असायचे. आई वैतागून म्हणायची, “याले एक दिन भलता मार पडी.” मार पडला, पण बऱ्याच उशिरा. आणि पडला तो दुसऱ्यालाच.

नाशिकला एका शाळेत मी खेळाचा शिक्षक म्हणून लागलो, तासिकेवर. म्हणजे शिक्षकच, फक्त कधीही ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणता येईल असा. माझ्या वर मोठे सर होते, त्यामुळे मी आपोआप बारके सर झालो. मैदानाचे मालक मात्र मामा. कागदावर ते शिपाई होते, पण त्यांना विचारल्याशिवाय तिथे कुत्रंसुद्धा बसत नसे. पेठकडचे. रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं.

मैदान आखावं तर मामांनीच. त्यांच्याकडे फक्कीची गाडी होती. लोखंडी डबा, खाली चाकं, डब्याच्या बुडाला फट आणि मागे ढकलायला दांडा. फक्की म्हणजे पांढऱ्या दगडाची भुकटी, रांगोळीची थोरली बहीण. मामा ती आधी घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीने चाळायचे, कारण एक गोळा जरी अडकला तरी रेघेला खिंडार पडतं. मग सुतळी ताणायची, चपला काढून ठेवायच्या आणि गाडी ढकलायची. मी एकदा ढकलून बघितली. माझी रेघ बघून मामा म्हणाले, “बारके सर, ही रेघ हाय का पेठचा घाट?”

“मामा, तुम्ही चाकाकडे बघता का सुतळीकडे?”

“कुठंच नाय. पल्याडच्या खुंटीकडं बघायचं. पाय आपोआप जात्यात.”

मोठ्या सरांची नक्कल हा माझा स्टाफरूममधला हुकमी एक्का होता. सर आधी दोनदा खाकरायचे, मग नाकातून म्हणायचे, “हे बघा, असं आहे...” आणि त्यानंतर जे काय असेल ते यायचं. मी डोळे मिटून केली की क्लार्क चहा सांडायचा. मामांना नक्कल ठाऊक नव्हती. स्टाफरूममध्ये ते चहा देऊन निघून जायचे.

आमच्या मैदानावर मुलींच्या खोखोच्या स्पर्धा होत्या. आदल्या दिवशी फक्कीची नवी गोणी आणायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो. कारण शोधून काही उपयोग नाही, विसरलो म्हणजे विसरलो. सकाळी मामांनी गाडी घेतली आणि अर्धं मैदान आखून झाल्यावर डबा खडखडला. एका बाजूच्या रेघा सुरेख, दुसऱ्या बाजूला नुसती माती. टीमच्या गाड्या गेटातून आत येत होत्या. दुकान उघडायला दोन तास होते.

स्टोअरमध्ये चुन्याच्या भुकटीची एक गोणी होती, झाडांच्या बुंध्यांना लावायला आणलेली. मी म्हणालो, “मामा, हेच टाका. पांढरं ते पांढरं.”

मामांनी मान हलवली. “चुना नाय टाकायचा मैदानात. पोरी सूर मारत्यात. डोळ्यात गेला तं लय बेकार. मोठ्या सरांना सांगतो, गोणी नाय आली म्हनून.”

तेच तर मला नको होतं. सर गेटापाशी पंचांशी बोलत होते, मामांना स्टोअरमधून दिसत नव्हते. मी म्हटलं, थांबा, मी विचारतो. स्टोअरच्या मागे गेलो. भिंतीला वर एक झरोका आहे. त्याच्याखाली उभा राहून दोनदा खाकरलो आणि नाकातून म्हणालो, “हे बघा मामा, असं आहे, जे आहे ते गाडीत टाका आणि उरका.”

आतून आवाज आला, “हो सर.”

खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. भिंतीला टेकून, तोंडावर हात दाबून हसलो मी.

तिसऱ्या मॅचला हरसूलकडच्या शाळेची टीम उतरली. त्यांच्यात एक बारीकशी मुलगी होती, खांबाला वळसा घालून अशी सुटायची की पंचांची मान अवघडावी. तिने समोरच्या खेळाडूवर सूर मारला, गडी बाद केला आणि घसरत गेली ती नेमकी त्या अर्ध्या भागातल्या रेघेवर. पांढरं उडालं. घामेजल्या तोंडाला बसलं. तिने मनगटाने डोळा पुसला. मनगटावरही तेच होतं.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि डोळ्यावरचा हात काही काढेना. तिच्या मॅडम पाण्याची बाटली घेऊन धावल्या. मी जागेवर उभा. मामा झाडांना पाणी घालायचा पाइप ओढत आले, तिचं डोकं कलतं केलं आणि दोन बोटांनी पापण्या उघड्या धरल्या.

“डोळा मिटू नको बाय. जाऊंदे पाणी. शिव्या दे मला, पन मिटू नको.”

दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत त्यांनी पाइप बाजूला केला नाही. त्यांचा सदरा भिजला, चिखल झाला, त्यांनीच आखलेली रेघ वाहून गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे धुतला म्हणून बरं, पण पट्टी चार दिवस राहील, नजरेचं नंतर बघू.

संध्याकाळी मोठ्या सरांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, “चुना टाकायला कोणी सांगितलं?”

“तुमीच की सर.”

“मी? मी गेटावरून हललो नाही. चार पंच साक्षीला आहेत.”

मामांनी स्टोअरकडे हात केला. “खाकरून बोलले ना तुमी. झरोक्यातून.”

क्लार्क हळूच म्हणाला, “मामा, कान तपासून घ्या एकदा.” दोघं-तिघं हसले. मी त्यांच्यात नव्हतो. सर मामांना विचारत होते आणि मी माझ्या बुटांच्या नाड्या बघत होतो.

मामांकडून लेखी खुलासा मागितला. फक्कीची गाडी स्टोअरमध्ये कुलपात गेली. मामांना गेटावर स्टूल दिलं. रिटायर होईपर्यंत तिथेच बसायचं, असं ठरत आलं होतं. रोज सकाळी मी आत येताना ते मला विचारायचे, “पोरीचं काय कळलं का?” मी म्हणायचो, पट्टी आहे अजून. ते मान हलवायचे. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, सरांचा आवाज काढ ना, तर मी घसा बसलाय म्हणून सांगायचो.

चौथ्या दिवशी पट्टी निघाली. तिच्या मॅडमचा फोन आला, दिसतंय, जरा धूसर आहे, पण महिन्याभरात निवळेल म्हणतात. मी धावत गेटावर गेलो, मामांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला केसपेपर काढला.

“सिव्हिलला जाऊन आलो काल. डाक्टर म्हनतो, कान चांगलं हायेत तुमचं.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “मंग डोक्यातच काय झालं आसंल. आमच्या बापालाबी शेवटी आवाज यायचं. हाका मारतंय कोनी म्हनून रानात निघून जायचा. घरच्यांना सांगितलं नाय मी अजून.”

तो कागद मी हातात घेतला आणि परत दिला. तिथून तसाच ऑफिसात गेलो. मोठे सर आणि क्लार्क मामांचा खुलासा वाचत बसले होते. मी म्हणालो, सर, त्या दिवशी झरोक्यातून मी बोललो होतो.

“म्हणजे?” सर म्हणाले.

मला समजावून सांगता येईना. एरवी तोंड एवढं चालतं, पण तेव्हा सरळ वाक्य जमेना. शेवटी दोनदा खाकरलो आणि नाकातून म्हणालो, “हे बघा मामा, असं आहे...”

व्हरांड्यातून लगेच आवाज आला. “हो सर. आलो.”

मामा माझ्या मागोमाग आले असावेत. ते दारात उभे राहिले आणि सरांकडे बघायला लागले. सर माझ्याकडे बघत होते. मग मामांनीही माझ्याकडे बघितलं. क्लार्कने पेनाचं टोपण लावलं.

मला वाटलं, मामा शिवी देतील. त्यांनी केसपेपर उलगडला, बघितला, परत घडी घातली. “म्हंजे मी बरा हाय,” ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मग गेटावर जाऊन स्टुलावर बसले.

मला उद्यापासून येऊ नका म्हणाले, ते अपेक्षितच होतं. मामांना गाडी परत मिळाली. हरसूलला जाऊन मी त्या मुलीच्या घरी सांगून आलो. तिच्या वडिलांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, चहा दिला नाही. ती आतून बघत होती, दोन्ही डोळ्यांनी.

आता मी दुसऱ्या शाळेत आहे. मागच्या हिवाळ्यात आमची टीम घेऊन त्याच मैदानावर गेलो. मामांची शेवटची स्पर्धा असावी. ते आखत होते, चपला काढून, पलीकडच्या खुंटीकडे बघत. मी लांबूनच हात केला, त्यांनी मान हलवली. तेवढ्यात गेटाकडून मोठ्या सरांची हाक आली, “मामा, हे बघा, असं आहे, तिकडची रेघ आधी घ्या.”

मामांनी गाडी थांबवली. हो सर म्हणाले नाहीत. रेघ तशीच अर्धवट सोडून, अनवाणी, अख्खं मैदान ओलांडून ते गेटापर्यंत गेले. सरांच्या समोर उभे राहिले. सरांनी पुन्हा सांगितलं. मामांनी त्यांच्या ओठांकडे बघत ऐकलं आणि मग माघारी फिरले.

सरांना सवय झालेली दिसली. ते मामा येईपर्यंत थांबले होते.