वरच्या मजल्यावरचे स्कॉटिश साहेब

पुण्यात राहून पुणेकरांपेक्षा तुसडं बोलणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो स्कॉटलंडचा होता. हे आमचे भाडेकरू. तिकडे पंधरा वर्षं फुटबॉल संघाच्या बचावफळीत खेळून त्यांनी स्वतःचे दोन्ही गुडघे आणि समोरच्यांचे कितीतरी घोटे निकामी केले, मग ते मॅनेजर झाले. चार क्लबांनी त्यांना नारळ दिला, आणि पाचवा शोधत साहेब थेट खडकीला येऊन पोचले. डिसेंबरात आम्ही कानटोपी घालून फिरायला निघालो की हे अर्ध्या चड्डीत गॅलरीत उभे राहून उकाड्याची तक्रार करत. सकाळी पोह्यांतले अकरा शेंगदाणे ताटलीत मांडून मला संघाची रचना समजावत, आणि काल जो चुकला असेल त्याचा शेंगदाणा कडकडून चावून खात. एकदा आमच्या हिला म्हणाले, "पोहे उत्तम. गोलकीपर तेवढा खवट निघाला."

त्यांचं इंग्रजी खुद्द इंग्रजांनाही कळत नसे. जिन्यात बोलून बोलून माझा कान तयार झाला, आणि चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याच्या बळावर मी संघाचा दुभाषा झालो. इथेच घात झाला. मध्यंतराला साहेब लालबुंद होऊन खेळाडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि माझ्या मास्तरी जिभेला ते उच्चारवत नसे. मी सांगे, "आपण छान खेळत आहात. जमल्यास थोडं पुढे सरकावं, अशी साहेबांची विनंती आहे." पोरं खूश होऊन पाणी पीत. साहेब थक्क होऊन मला विचारत, "ह्यांना लाज कशी वाटत नाही हो?" असं करत करत संघ तळाला गेला.

शेवटचा सामना जिंकला तर क्लब वरच्या गटात राहणार आणि साहेब खडकीत राहणार. नाहीतर दोघांचाही मुक्काम हलणार. आणि मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे! साहेब बोलता बोलता थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझं डोकंच फिरलं. "अहो, आपण सामना खेळायला आलात की बघायला? बघायचाच असेल तर तिकीट काढून बसा, सावली तरी मिळेल! साहेब वर्षभर हेच सांगताहेत. मीच गोड करून सांगत होतो!"

आमचा कप्तान खडकवासल्याकडचा गडी. तो सावकाश उठला. "सर, मग आधी का नाय सांगितलं? आमाला वाटलं, साहेब खूश हायेत."

मग काय विचारता! मैदानात पोरं नव्हे, वादळ उतरलं! पाचव्या मिनिटाला गोल, पाठोपाठ दुसरा! साहेब गुडघे विसरून उड्या मारत होते, मी माझी टोपी भिरकावली ती अजून सापडलेली नाही. अगदी शेवटी कप्तानाचा सणसणीत फटका आडव्या खांबावर आदळून बाहेर गेला, आणि शिट्टी झाली. बरोबरी. ती पुरेशी नव्हती.

सामान बांधताना मी सगळं कबूल केलं. साहेब पोट धरून हसले, मग बॅगेच्या कडेला टेकले. "म्हणजे पंचेचाळीस मिनिटं पोरांनी माझं ऐकलं," ते म्हणाले. "चार क्लबांत एवढंही कुणी ऐकलं नव्हतं."

हल्ली ते तिकडच्या एका छोट्या क्लबात आहेत. तिथे मधे दुभाषा नाही. तरी परवा त्यांचा संघ हरल्याचं मोबाइलवर वाचलं, आणि मला फार अपराधी वाटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.