नऊ इंच फणस

आमच्या बिल्डिंगमधला फणस पडला हे कळलं तेव्हा मी गॅसवरचं दूध तसंच टाकून खाली पळाले. दूध उतू गेलं. त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

आम्ही तेव्हा भाईंदर पश्चिमेला राहायचो. नगरपालिकेची महानगरपालिका नुकतीच झाली होती. श्रावणातल्या वाऱ्याने कंपाउंडमधला फणस मुळासकट उपटला आणि तो भिंतीवर आडवा झाला. बुंधा आत, फांद्या बाहेर रस्त्यावर. रिक्षा कशी जाणार म्हणून लोक वैतागले होते आणि माझे सासरे मात्र लॉटरी लागल्यासारखे उभे होते.

बाबा रत्नागिरीकडचे, जन्मभर सुतारकाम केलेले. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरी बसतात ते मुलीच्या बापाने केलेल्या फणसाच्या पाटांवर. मोठ्या नणंदेचे पाट गावच्या झाडाचे झाले. मग वाटण्या झाल्या, झाड चुलत्यांकडे गेलं. धाकटीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. वखारीतून लाकूड आणू म्हटलं की बाबा म्हणायचे, "कुणाच्या दारातलं झाड ते, मला काय ठावं?" त्यांचे हात थरथरायला लागले होते. यंदा पाट झाले तर झाले, हे घरात सगळ्यांना कळत होतं. माझं लग्न रजिस्टर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सही केलेली. म्हणून की काय, मला या पाटांचं भलतंच वेड होतं.

मी खाली पोचेपर्यंत बाबांनी बुंध्याला कुंकू लावून नारळ फोडला होता. करवत हातात. तेवढ्यात सेक्रेटरी आले. "अरे काका, ये झाड गवर्नमेंट का है. हाथ मत लगाओ, केस हो जाएगा."

माझं डोकंच फिरलं. पाणी आम्ही घालायचं, पानं आम्ही झाडायची आणि पडल्यावर झाड गव्हर्नमेंटचं? मी तिथेच त्यांच्याशी कचाकचा भांडले. मग बाबांना रिक्षात घातलं आणि थेट वृक्ष विभागाचं ऑफिस गाठलं.

साहेबांनी विचारलं, "परवानगी घेतलीत का?"

"घेतली," बाबा म्हणाले.

"कुणाची?"

"झाडाची."

मी कपाळाला हात लावला. साहेब हसले नाहीत. "कशी घेतली?" म्हणाले. बाबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि भर ऑफिसात, गावी देवापुढे घालतात तसं, गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा म्हाराजा, पोरीच्या लगनाचं पाट करायला तुझं लाकूड नेतोय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," दाराशी बसलेला शिपाई सवयीने बोलून गेला.

"काय चुकलंमाकलं तर पदरात घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." या वेळी शिपायासोबत साहेबही होते. तेही तिकडचेच निघाले.

तरी नियम तो नियम. साहेबांनी नीट समजावलं. पडलेलं झाड असलं तरी आधी कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, मगच करवत लावायची. रस्त्यावरचा भाग महापालिकेचा, आतला सोसायटीचा. सोसायटीने पत्र दिलं तर आतलं लाकूड खुशाल न्या. मी तिथल्या तिथे अर्ज खरडला आणि सेक्रेटरींकडे जाऊन गोड बोलून पत्रही आणलं. सकाळी भांडलेल्या तोंडाने गोड बोलणं सोपं नसतं, सांगते.

दुपारी साहेब खडू घेऊन आले. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. बाबांनी बुंध्यावर थापा मारत आवाज ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. मुळाकडचा सगळा भाग आतून पोकळ. चांगलं लाकूड सुरू होत होतं ते भिंतीच्या जवळ. तिथून भिंतीपर्यंत टेप लावली तर जेमतेम एक फूट. पाटाला दीड फूट तरी हवा. चांगलं लांबलचक खोड भिंतीपलीकडे महापालिकेच्या हद्दीत पडलं होतं. भांडायला समोर कुणी नव्हतंच.

साहेब खाली वाकले. भिंतीकडे बघितलं. "भिंत कुणी बांधली?"

"सोसायटीने," सेक्रेटरी म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

"मग भिंतही आतच धरायची." त्यांनी भिंतीच्या बाहेरच्या कडेला खडूची रेघ मारली. भिंत नऊ इंचांची होती. मी गॅलरीतल्या बायकांकडे बघून दोन्ही हात हलवले, कसली लाज नि कसलं काय.

फळ्या आठ महिने आमच्या पलंगाखाली वाळल्या. बाबांनी थरथरत्या हातांनी रंधा मारला. वैशाखात नणंद त्या पाटावर बसली तेव्हा मी तिच्या आईपेक्षा जास्त रडले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी पलंगाखालून तिसरा पाट काढला. तो केव्हा केला, मला पत्ताच नव्हता. त्यांनी तो जमिनीवर मांडला आणि पुढ्यात ताट वाढायला सांगितलं.

"बस गो," म्हणाले. "तुझ्या लग्नाला राह्यलेला."

मी बसले.