पेजेने चिकटवलेला धडा

आमच्या शेवाळटीचर बोलायच्या तुमच्याशी आणि बघायच्या तुमच्या पाठीमागच्या दगडी गडग्याकडे. पावसाळ्यात सगळा गाव पाय घसरू नये म्हणून खाली बघत चालतो. टीचर मात्र मान वाकडी करून चिऱ्यांच्या फटींतलं शेवाळ न्याहाळत चालायच्या, आणि अर्थातच घसरायच्या. पडल्यावर उठायची घाई नाही. बसल्या जागी पर्समधून भिंग काढायच्या आणि म्हणायच्या, "पडलंय ती बऱ्या जाग्यार पडलंय."

त्या दोडामार्गाकडच्या. ख्रिश्चन घर, भावंडं गोव्यात, आणि त्या एकट्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, पण एखादं पान मनात भरलं की भाषा सुटून मालवणीवर यायची. फुलांचं त्यांना कौतुक नव्हतं. कोणी अबोलीचा वळेसर दिला तर रीत म्हणून केसांत माळायच्या. पण विहिरीच्या काठावरचा नेचा नेऊन दिला तर डब्यातली अर्धी पोळी तुमची. "फुलां म्हणजे वरातीची वाजंत्री, बाय," त्या म्हणायच्या, "ह्यांचो संसार वाजंत्रीशिवाय चलता."

मी वर्गात पहिली यायचे. अक्कल तेवढी मागच्या बाकावर बसायची. एकदा टीचरांनी नेचा आणायला सांगितला. मी आणला, तर त्याच्या पानांच्या मागे तपकिरी ठिपकेच ठिपके. मला वाटलं कीड पडली. टीचरांना असलं घाणेरडं पान कसं द्यायचं? म्हणून नखाने एकेक ठिपका खरवडला, पदराने पुसला (नुकतीच साडी नेसायला लागले होते, पदराचा उपयोग शोधतच असायचे) आणि लखलखीत पान टेबलावर ठेवलं. टीचरांनी पान उलटलं आणि कपाळाला हात लावला. "अगो, तेची सगळी पोरां पुसून टाकलंस!"

तोवर नेच्याला पोरं असतात हेच मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक होण्याची भीतीही होती. त्याचं कारण आमचे काका. बाबा नोकरीला मुंबईत, त्यामुळे घरात शब्द काकांचा. शेजारच्या घरात मुलीच्या पुस्तकात 'प्रजनन' नावाचा धडा निघाला आणि तिची शाळा बंद झाली, तेव्हा काका पडवीत बसून म्हणाले होते, "आमच्या चेडवाच्या पुस्तकात तसला काय गावला, तर ता पण घराक." मला तर दहावी व्हायचं होतं. पुढचं काही ठरलं नव्हतं, पण दहावीच्या अलीकडे चुलीपाशी बसायचं नाही हे पक्कं होतं.

आणि नव्या पुस्तकात तो धडा होताच: 'अपुष्प वनस्पतींचे प्रजनन'. चित्रांखाली स्वच्छ लिहिलेलं, नर आणि मादी. मग मी माझ्या त्या पहिल्या नंबरच्या डोक्याने उपाय काढला. सकाळची उरलेली पेज घेतली, बोटाने पानापानाला लावली आणि अख्खा धडा चिकटवून टाकला. पेजेने, आणि तोही श्रावणात. आमच्याकडे श्रावणात चामड्याच्या चपलेलासुद्धा लव येते, पण एवढा विचार कोण करतो!

टीचरांनी तो धडा उघडायला सांगितला त्या दिवशी माझं पुस्तक उघडेना. त्यांनी पट्टी घालून पानं सोडवली. आत बुरशीचं राखाडी रान माजलेलं. मी डोळे मिटून छडीची वाट बघत राहिले. कानावर आलं, "आवय गे! काय सुंदर!"

माझं पुस्तक वर्गभर फिरलं. भिंगाखाली टाचण्यांसारखे देठ दिसत होते आणि प्रत्येकाच्या टोकावर काळं बोंड. तेव्हाच्या पुस्तकांत बुरशीही अपुष्प वनस्पतींतच बसलेली असायची. आता म्हणे तिचं घराणं वेगळं काढलंय. टीचर म्हणाल्या, "त्या बोंडांत बीजाणू. फुटले की वाऱ्यावर निघाले. ओल मिळाली की रुजले. हिने धडा बंद केला, तर धड्याने आत स्वतःच स्वतःला शिकवून घेतलं." वर्ग खदखदला. सुट्टीत त्यांनी विचारलं, "कित्याक चिकटवलंस गो?" मी रडत रडत काकांचं सांगितलं.

रविवारी प्रार्थना आटोपून टीचर थेट आमच्या पडवीत हजर, हातात माझं पुस्तक. मी दाराआड. संपलं, म्हटलं. काका गळलेल्या सुपाऱ्या निवडत होते. त्या वर्षी पोफळींवर कोळेरोग पडला होता आणि हिरवी फळं कुजून खाली येत होती. टीचरांनी तो धडा उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

काकांनी चित्र पाहिलं, मान फिरवली. "टीचरबाई, नर-मादी माणसांत आसा, जनावरांत आसा. झाडांत कित्याक आणतास?"

"मी खंय आणलंय, काकानू? देवानच करून ठेवल्यान. तुमच्या म्हणा, माझ्या म्हणा." मग त्यांनी एक कुजकी सुपारी उचलली. "ही पांढरी लव बघा. ह्या पण बुरशीच्याच जातीचा. ह्याचे बीजाणू पाण्यात पोहतत. पावसाचो शिंतोडो उडालो की ह्या घडावरसून त्या घडार. गळलेली फळां पोफळीच्या मुळात टाकतास मा?"

"खत होता."

"खत नाय, बियाणां होता. रोगाचा."

काकांनी ती सुपारी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग आत हाक मारली, "गो, हंय ये. ह्यां वाच बघू मोठ्यान."

मी वाचलं. नेच्याचा बीजाणू ओल्या मातीत पडतो, त्याचं नखाएवढं हिरवं पान होतं, त्याच्यावरच नर आणि मादी, आणि पाण्याच्या थेंबातून पोहत एक दुसऱ्याकडे जातो, तेव्हा कुठे नवा नेचा उगवतो. 'मादी' शब्दाला माझा आवाज बेडकासारखा फुटला. काका म्हणाले, "थांबलंस कित्याक? पुढे?"

त्या एका 'पुढे'ने माझ्या छातीवरचा पाटा-वरवंटा उतरला. काकांनी गळलेली फळं उचलून लांब पुरायला सुरुवात केली आणि धडा माझ्याकडून एवढ्या वेळा वाचून घेतला की परीक्षेत मला तो मालवणीत आठवला. पुढच्या पावसात गळ थोडी कमी झाली. सगळी थांबली नाही, पण काकांनी श्रेय पुरतं टीचरांना दिलं आणि त्याच वर्षी केलेल्या मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं नावच काढलं नाही.

माझ्या दहावीच्या वर्षी टीचर नोकरी सोडून गोव्याला आईकडे निघाल्या. एसटीपाशी मी रडायच्या पूर्ण तयारीने गेले होते, नवा रुमालसुद्धा होता. काका सोबत आले. त्यांनी सुपारीची पिशवी टीचरांच्या हातात दिली, गाडी सुरू झाली, आणि हा कधी कुठल्या बाईसमोर मान वर न करणारा माणूस खिडकीपाशी जाऊन ओरडला, "टीचरबाई, धावीच्या पुढे चेडवाक काय शिकवूचा, ता सांगून जावा!"

टीचर खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "कॉलेज, काकानू! सावंतवाडीक!"

"बरां!" काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "रडतंस कित्या? गाडी कितीक वाजता सुटता सावंतवाडीची, ता इचारून ये जा."