आमची मेंढरं काळी हायेत

दौंडहून मांडवगण फराट्याला मी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवायला गेले. रोज सकाळी एसटीने नदी ओलांडायची आणि नववी-दहावीच्या पोरांना फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, ओळखायला शिकवायचं. ओळखायला, समजायला नव्हे. हा फरक मला रिटायर झाल्यावर कळला, आणि तोही जिला मी शाळेत गप्प केलं होतं तिच्यामुळे.

माझी पद्धत सोपी होती आणि तिचा मला भलता अभिमान होता. वाक्यात लाइक किंवा ॲज दिसलं की लिहा सिमिली. वारा, नदी, झाड माणसासारखं वागायला लागलं की पर्सनिफिकेशन. वाक्याचा अर्थ नाही कळला तरी काही बिघडत नाही, असं मी फळ्यासमोर उभी राहून सांगायचे. पोरं पास व्हायची, हेडमास्तर खूश. मी तापट, अजूनही आहे. "माझं डोकं खाऊ नका, कान उपटून हातात देईन," असं दिवसातून दहादा म्हणायचे. डोकं कुणी खात नव्हतं आणि कान जागच्या जागी राहणार, हे मागच्या बाकावरच्या पोरालाही समजायचं. म्हणजे मेटाफर माझ्या तोंडातच होती, पण ती शोधायला मी गाईड उघडायचे.

एका वर्षी नववीला एक मुलगी होती, धनगराच्या घरातली. आजोबांच्या उमेदीत त्यांची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायची. आता वडील ऊस-कांदा करत होते, पण म्हाताऱ्याने हट्टाने वीसेक मेंढरं राखली होती. ही पोरगी ओळखायची सगळ्यांच्या आधी, पण तेवढ्यावर थांबायची नाही. "बाई, पण ह्यो कवितेतला मानूस बायकोला गुलाबच का म्हनतोय? दुसरं फूल का न्हाई?"

"प्रश्नात विचारलंय का तसं? नाही ना? मग बस खाली."

ती बसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मला आतून ती आवडत होती. कधी तोंडाने बोलले नाही.

शिरूरला तालुक्याची इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. विषय 'माझं कुटुंब'. आमच्या शाळेतून तोवर कुणी गेलं नव्हतं. ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "बाई, मी जाते. मला तुमच्यागत इंग्रजीची बाई व्हायचंय." दोन पानं लिहूनच आणली होती. चुका ढीगभर होत्या, त्या मी सुधारल्या. त्यात काही गैर नव्हतं, ते माझं कामच होतं.

पण मधे एक वाक्य होतं. संध्याकाळी आमची मेंढरं टेकाडावरून अशी उतरतात, जशी कुणीतरी घोंगडी ओढत नेतंय. घोंगडीला तिला इंग्रजी शब्द सापडला नव्हता, म्हणून तिने तो तसाच इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. लाइक होतं वाक्यात. माझ्याच नियमाने ती सरळसरळ सिमिली होती. मी त्यावर लाल रेघ मारली.

का मारली? परीक्षकांना घोंगडी कळणार नाही म्हणून. शिरूरच्या परीक्षकांना घोंगडी कळणार नाही, असं मी म्हणाले. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. खरं कारण एवढंच, की ते वाक्य गाईडात नव्हतं आणि गाईडाबाहेरच्या वाक्याला बरं म्हणायची माझी छाती नव्हती. त्याच्या जागी मी लिहून दिलं, अवर शीप आर ॲज व्हाइट ॲज स्नो.

तिने कागद वाचला. "बाई, आमची मेंढरं काळी हायेत."

"परीक्षक येणारेत का बघायला? पाठ कर."

"आन् स्नो म्या कवा बघितला बी न्हाई."

"मी तरी कुठं बघितलाय?" मी म्हणाले.

स्पर्धेला आबा, म्हणजे तिचे आजोबा, सोबत आले. तांबडं पागोटं, हातात काठी, मागच्या रांगेत कडेला बसलेले. पोरगी छान बोलत होती. आवाज खणखणीत, हात जागेवर. मग ते वाक्य आलं. तिने ते म्हटलं, आबांकडे बघितलं आणि थांबली. पुढचं सगळं तिला येत होतं, मी रोज म्हणून घेतलं होतं. खालून मी ओठ हलवत राहिले. ती तशीच उभी राहिली आणि मग येऊन बसली.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "मेंढरांचं काय सांगितलंस गं? शीप शीप म्हनालीस तवा कळलं मला." घरी मेंढरांसमोरच तिने सराव केला होता, त्यामुळे तेवढा एक शब्द त्यांनाही पाठ झाला होता.

"पांढरी हायेत म्हनले."

"पांढरी? आपली? का गं?"

रागावले नव्हते ते, नुसतं विचारत होते. पोरीने माझ्याकडे बघितलं. 'मी लिहून दिलं होतं, आबा,' एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "पाठांतर कच्चं पडलं हो तिचं."

त्यानंतर तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. उत्तरं शब्दन् शब्द गाईडातली लिहायला लागली. दहावीला इंग्रजीत चांगले मार्क पडले आणि मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, लाज नाही वाटली मला. बारावीनंतर तिला कासुर्डीला दिली. इंग्रजीची बाई ती झाली नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती दौंडला माझ्या घरी आली, नववीत जाणाऱ्या लेकीला घेऊन. "बाई, हिचं इंग्रजी बघा. हुशार हाय, पन मनातलं लिहायची खोड हाय. तेवढी मोडा."

मी वही उघडली. हायवेचे ट्रक चढाला लागले की म्हाताऱ्या माणसासारखे खाकरतात, असं लेकीने लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ होती. ती आईने मारली होती. वर नीट अक्षरात गाईडातलं वाक्य.

मला पुढचं पान उलटवेना. इतक्या वर्षांचं अडकलेलं मग बोलून टाकलं. "तुझं पाठांतर कच्चं नव्हतं गं. मी आबांशी खोटं बोलले."

"जाऊ द्या वो बाई. आबा बी गेले आता."

"तुझं मूळ वाक्य केवढं छान होतं मेंढरांचं. ते तरी हिला सांग."

ती खरंच आठवायला लागली. "कंचं वो? मला तर एकच ध्यानात हाय." आणि लेकीकडे वळून, एकाही शब्दाला न अडखळता, तिने म्हणून दाखवलं, "अवर शीप आर ॲज व्हाइट ॲज स्नो."