गारा मुरेपर्यंत

पुण्याहून निघताना माझ्याजवळ तीन डाग होते: कपड्यांची बॅग, चकल्यांचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन फळ्या. कपडे आणि चकल्या हे निमित्त. खरा प्रवास त्या फळ्यांचा होता, मी आपली त्यांची हमाल.

मी एका पॉलिटेक्निकमध्ये बांधकामाचं साहित्य हा विषय शिकवते. मारेगाव तालुक्यातल्या बापूराव नावाच्या शेतकऱ्यानं आदल्या वर्षी आमच्या प्रयोगासाठी पऱ्हाट्यांची (कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या) चार पोती पाठवली होती. त्या भरडून, चिकट रसायनात कालवून, गरम दाबयंत्राखाली दाबून आम्ही फळ्या केल्या. मग बापूरावांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "कापसाले तर कोणी पुसून नाही राह्यलं. पऱ्हाटीचं काय झालं ते तरी दाखवा." असं आमंत्रण टाळायचं म्हणजे कमाल झाली. जानेवारी संपत आला होता, मी आठ दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

यवतमाळच्या स्टँडवर सकाळी वणीची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली. फळ्या मांडीवर घेतल्या. दोन थांब्यांनंतर एक आजीबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी सांबाराचं (कोथिंबीर) ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं न विचारता माझ्या फळ्यांवर ठेवलं. मी म्हटलं, आजी, हे पाण्याला चालत नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मंग कायले बनवलं?" साऱ्या गाडीनं मान वळवली. गाठोडं मारेगावपर्यंत तिथंच राहिलं.

रस्ता दोन्ही बाजूंनी कापसाचा. वेचून झालेली शेतं, काटक्यांवर अडकलेले कापसाचे पुंजके, मधूनच वणीच्या खाणीकडून येणारे कोळशाचे ट्रक. पांढरं आणि काळं दोन्ही त्याच रस्त्यावर उडत होतं आणि दोन्ही माझ्या साडीवर बसत होतं. मारेगावात उतरले तेव्हा बापूराव बैलगाडी घेऊन उभे होते. साठीचे, उंच, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांनी आधी फळ्या उतरवून घेतल्या आणि नंतर मला.

घर तासाभरावर, जंगलाच्या बाजूच्या एका लहान गावात. दारात बापूरावांच्या पत्नी ताराबाई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हातापायांना वाळलेला चिखल. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, थांबा, आधी पाय धुऊ द्या, नाहीतर माझ्या पायाचा चिखल तुमच्या कपाळाला.

फळ्या उघडल्या. एकीचा काठ सांबाराच्या पाण्यानं टम्म फुगला होता. मी आजीबाईंना दोष देऊ लागले. ताराबाईंनी फुगलेला काठ चिमटीत धरून दाबला, वास घेतला आणि विचारलं, ही किती वेळ दाबली? मी सांगितलं की त्या दिवशी वीज जाणार होती म्हणून जरा लवकर काढली. दुसरीला पूर्ण वेळ दिला.

"सामान दोघींत एकच?"

"अगदी एकच."

"हाव," त्या म्हणाल्या. "हिले शिजू नाही देलं तुमी."

अकरा वर्षं मी मुलांना घसा फोडून सांगतेय की दोन पदार्थ मिसळून तिसरा करायचा तर काय मिसळलं हे निम्मं, आणि ते कसं मिसळलं, किती तापवलं, किती थांबलं हे उरलेलं निम्मं. ताराबाईंनी ते एका वाक्यात आटोपलं आणि चहा टाकायला गेल्या.

घरात चार खोल्या, पण पाहुण्याला जागा पडवीत. कारण तीन खोल्या आढ्यापर्यंत कापसानं भरलेल्या. भाव पडलेला, म्हणून त्या वर्षी अख्खं गाव कापूस घरात घालून भाव चढायची वाट बघत होतं. चौथी खोली म्हणजे स्वयंपाकघर. कापसाजवळ नुसतं बसलं तरी अंगाला खाज सुटते, हे मी पहिल्याच दुपारी शिकले.

त्या खाजेतच ताराबाईंची खरी काळजी होती. मोठी लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, पंधरा दिवसांनी. तान्ह्या जिवाला कापसाच्या खोलीत कसं निजवायचं? म्हणून ताराबाई पडवीच्या टोकाला नवी खोली उभी करत होत्या. दोन बाजूंना घराच्या भिंती होत्याच, उरलेल्या दोन बाजूंना कूड. म्हणजे खांब रोवून त्यांच्यामध्ये पऱ्हाट्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी गारा (कालवलेली माती) लिंपायचा. कूड विणून तयार होता. लिंपून वाळायला आठ-दहा दिवस हवेत, असा त्यांचा हिशेब.

गारा अंगणातल्या खड्ड्यात होता. पांढरी माती, शेण, राख आणि कुटार (सोयाबीनचा भुसा). शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. वाळली की आक्रसते आणि हाताचा पंजा जाईल एवढी फाटते. पांढरी माती जुन्या गावठाणातून गाडीनं आणावी लागते, आणि यंदा तिथलीही संपत आलेली. खड्ड्याशेजारी तिचा एक कोरडा ढीग दुसऱ्या हातासाठी राखून ठेवला होता. मी वहीत सगळं लिहून घेतलं: माती सहा घमेली, कुटार दोन, शेण एक, राख ओंजळभर. ताराबाई म्हणाल्या, अजून चार दिवस मुरू द्यायचंय. तेही मी लिहिलं, पण कडेला, बारीक अक्षरात.

रविवारी मला भाकरी थापायला बसवलं. ज्वारीचं पीठ, पाणी, दुसरं काही नाही. मी गार पाण्यात भिजवलं आणि पहिल्याच थापेला भाकरीचा महाराष्ट्राचा नकाशा झाला, कोकण वेगळं पडलेलं. ताराबाईंनी त्याच पिठात उकळतं पाणी ओतलं, तळव्यानं रगडलं आणि ताटाएवढी भाकरी अलगद तव्यावर टाकली. सोबत सोल्यांची (तुरीचे ओले दाणे) झणझणीत आमटी. माझं नाक गळत होतं आणि बापूराव हसत होते. मी तीन भाकरी खाल्ल्या, धडा मात्र घेतला नाही.

मंगळवारी ताराबाई बाजाराला गेल्या, बापूराव उरल्यासुरल्या वेचणीला. घरात मी, मांजर आणि कापूस. अंगणात गेले तर खड्ड्याला भयंकर वास सुटलेला. वर बुडबुडे, कुटार काळपट पडलेलं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, हे तर नासलं! आता ताराबाईंची भिंत तशीच राहणार आणि लेक दारात येणार. शेजारी कोरडी माती होती, कुटार होतं, शेण होतं आणि माझ्याजवळ वही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी पदर खोचला. सहास दोन, दोनास एक, घमेल्यानं मोजून, एका दाण्याचा फरक नाही. दोन तास तुडवलं. गारा कसा लोण्यासारखा दिसत होता. कुडाच्या अर्ध्या बाजूवर एका दमात दोन बोटं जाड थर दिला, वरून ओल्या हातानं गुळगुळीत केला. दुपारचं ऊन थेट त्यावर. म्हटलं, छान, लवकर वाळेल. संध्याकाळी ताराबाई आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या, कोरड्या ढिगाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग बाजाराची पिशवी घेऊन तशाच आत गेल्या. मला वाटलं, कौतुकानं शब्द फुटेना.

बुधवारी दहा वाजता पहिली भेग दिसली, केसाएवढी. अकराला तिला पोरं झाली. बाराच्या सुमाराला आम्ही जेवत असताना अंगणात धप्प आवाज आला. बाहेर जाऊन पाहतो तर माझा गुळगुळीत थर दाराएवढ्या तुकड्यानं कुडावरून सुटून खाली पडलेला, आणि मागच्या पऱ्हाट्या उघड्या.

ताराबाई रागावल्या. खरंच रागावल्या.

"माह्या पोरीची खोली व्हय ते, बाई. तुमच्या शाळेचा फळा नाही."

मला रडू आलं. फळ्यावरची चूक पुसता येते. इथं पांढरी माती संपली होती, नवा गारा मुरवायला आठ दिवस, वाळायला आणखी दहा, आणि दिवस मोजूनच उरलेले. बापूराव दुपट्ट्याशी चाळा करत उभे होते. ताराबाईंनी पडलेला एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

"सामान माह्यंच होतं ना?"

"हो."

"मापबी माह्यंच?"

"हो."

"मंग काहून पडली? सांगा. तुमी शिकवता."

मग त्या अंगणात, दोन माणसं आणि एका मांजरासमोर, मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड लेक्चर दिलं. तुकडा मोडून दाखवला. कुटार आत जसंच्या तसं, पिवळं आणि ताठ. ओढलं की मातीतून सुळकन बाहेर येत होतं. माती वाळताना आक्रसते, तेव्हा तिला धरून ठेवायचं काम कुटाराचं. पण कुटार मऊ पडलं नाही, मातीला चिकटलं नाही, तर धरणार कसं? ते मुरल्यावरच होतं, त्या घाण वासातच होतं. शिवाय थर जाड दिला आणि उन्हात भाजला. वरचं आधी वाळून आक्रसलं, आतलं ओलंच राहिलं, दोघांची फारकत झाली. बोलून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेच मी दर वर्षी जुलैत फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात, कडेला, बारीक अक्षरात.

ताराबाईंनी ऐकून घेतलं. राग थोडा उतरला असावा, कारण त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली. पडलेलं फेकायचं नव्हतं. कुटून, बारीक करून मुरलेल्या खड्ड्यात घालायचं होतं. "जुनं नव्याले शिकवते," त्या म्हणाल्या. दुधाला विरजण लावतात तसंच हे. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत होईल, पण सकाळ-संध्याकाळ तुडवावं लागेल. कोणी तुडवायचं हे विचारायची गरज नव्हती.

मी पुण्याला तार केली की प्रकृती बरी नाही. पोटऱ्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. तीन दिवस मी त्या वासात गुडघाभर उभी राहून तुडवत होते. येणारे-जाणारे थांबून बघत. पुण्याच्या मॅडम गारा तुडवायचा कोर्स करायला आल्या आहेत असं बापूरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि फी किती असं एकानं गंभीरपणे विचारलंही. चौथ्या दिवशी ताराबाईंनी मूठभर गारा उचलून मोडला. तो तुटला नाही, ताणला गेला. कुटाराचे धागे काळे, मऊ, मातीत कालवून गेलेले. वास मात्र तसाच.

मग लिंपण. पातळ थर, बोटाच्या पेराहून कमी. हातानं दाबत पऱ्हाट्यांच्या फटीत घुसवायचा. वरून ओलं पोतं टाकायचं, ऊन लागू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. माझ्या जुन्या लिंपणातला तळाचा हातभर तुकडा पडला नव्हता. त्यात एक वाकडीतिकडी भेग होती. मी तो खरवडायला घेतला तर ताराबाईंनी थांबवलं. धरून आहे, राहू द्या म्हणाल्या, शेवटच्या हातात झाकून टाकू.

तो शेवटचा हात मला बघायला मिळाला नाही. रजा संपून वर चार दिवस झाले होते. भिंत अजून ओली होती, सुनंदा यायला पाच दिवस उरले होते, आणि खोली तोवर वाळेल की नाही हे ताराबाईही सांगत नव्हत्या. त्यांनी मला ओटीत तुरीचे दाणे घातले आणि मारेगावच्या स्टँडवर बापूरावांनी फळ्या परत दिल्या. फुगलेल्या फळीवर ताराबाईंनी आठवडाभर भाकऱ्या थापल्या होत्या, तिच्यावर पिठाचा गोल उमटला होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीतून तीच शेतं पाहत होते आणि माझ्या डोक्यात फक्त एक ओली भिंत होती. बाळ ओलीत निजलं आणि त्याला सर्दी झाली तर त्यात माझा दोन तासांचा उत्साह असणार, हे मला गाडीत कोणी सांगायची गरज नव्हती. कॉलेजात गेल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे दाबयंत्राची वेळ वाढवली आणि भरडलेल्या पऱ्हाट्या आधी भिजवून, वाळवून मग कालवल्या. नव्या फळ्या सांबाराच्या गाठोड्याला बऱ्यापैकी तोंड देतात. पूर्ण नाही. आजीबाईंचा प्रश्न अजून थोडा शिल्लक आहे.

दीड महिन्यानं पत्र आलं. अक्षर बापूरावांचं, बोलणं ताराबाईंचं.

"सुनंदाले पोरगी झाली. दोघी चांगल्या हायेत. खोली वेळेवर वाळली, कापसाची खाज तिथं येत नाही. तुमची भेग झाकाची होती, पण सुनंदा झाकू देत नाही. पोरगी रडाले लागली का तिले त्या भिंतीकडे तोंड करून निजवते. भेगेकडे पाह्यत राह्यते अन् चूप होते."